हक्कसोडपत्रावर घर घेताना

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून घरखरेदीच्या कागदांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना जरा विचित्र वाटेल. परंतु विचार करा. सामान्य माणसाच्या आयुष्यात घर घेण्याइतका मोठा व्यवहार दुसरा नसतो. त्यासाठी बायकोच्या अंगावरचा दागिना मोडला जातो, एखादा एकर विकला जातो, पतसंस्थेचे कर्ज निघते. असा व्यवहार बुडाला म्हणजे त्याची झळ प्रथम कोणाला लागते? मुलांच्या शिक्षणाला, आणि त्यातही मुलींच्या. कोर्टाची तारीख आली की फीची तारीख चुकते. म्हणून हा विषय शाळेबाहेरचा आहे असे मी मानीत नाही.

सिरसाळा हे परळी तालुक्यातले मोठे गाव. येथे आणि आसपासच्या खेड्यांत घर किंवा मोकळी जागा घेताना पुष्कळदा असे होते की, विकणारा म्हणतो, "खरेदीखताचा खर्च कशाला? मी तुम्हाला हक्कसोडपत्र करून देतो. काम तेच." बाँड पेपर आणला जातो, नोटरीचा शिक्का बसतो, दोन साक्षीदार सह्या करतात, पैसे मोजले जातात आणि किल्ली हातात येते. घेणाऱ्याला वाटते, घर आपले झाले. ते खरोखर झाले का, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

हक्कसोडपत्र म्हणजे काय?

हक्कसोडपत्र हा वाईट कागद नाही. त्याचे एक ठरावीक काम आहे. एका मिळकतीचे अनेक वारस वा सहमालक असतात. त्यांतील एकजण आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाच्या लाभात सोडतो आणि तसे लिहून देतो. भावाने भावाच्या, आईने मुलाच्या, बहिणीने बहिणीच्या नावे असे पत्र करावे, ते नोंदवावे, यात काहीही गैर नाही. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात असे पत्र केले तर महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात नाममात्र मुद्रांक शुल्क आहे. नात्याबाहेरच्या माणसाच्या नावे केले तर मात्र खरेदीखताइतकेच शुल्क लागते. म्हणजे 'खर्च वाचतो' ही विकणाऱ्याची पहिली गोष्टच खरी नाही. शुल्क कमी भरले असेल, तर फरक आणि दंड पुढे केव्हातरी मागितला जाणार.

आता खरा मुद्दा. खरेदीखत करून देणारा माणूस 'ही मिळकत माझी आहे व ती मी विकत आहे' असे म्हणत असतो. मिळकत हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीखतात स्पष्ट लिहिले नसले तरी, वेगळा करार नसेल तर विकणाऱ्याने आपल्या हक्काची हमी दिली असे धरले जाते. पुढे हक्क खोटा ठरला तर घेणाऱ्याला त्याला जबाबदार धरता येते. हक्कसोडपत्र करून देणारा मात्र एवढेच म्हणतो की, 'या मिळकतीत माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला.' हक्क किती आहे, आहे की नाही, त्यावर कोणाचे कर्ज आहे काय, याविषयी तो अवाक्षर बोलत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

हा घोटाळा आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत अशा कागदाला क्विटक्लेम डीड म्हणतात. नवराबायकोत, भावंडांत नावे कमीजास्त करण्यासाठी तो तेथे सर्रास वापरतात. अनोळखी माणसाकडून घर घेताना मात्र सावध गिऱ्हाईक तो स्वीकारीत नाही, कारण त्यातही देणारा कसलीच हमी देत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कुप्पुस्वामी चेट्टियार यांच्या खटल्यात या कागदाचे स्वरूप सांगितले आहे. निव्वळ हक्कसोड ही ज्याचा आधीच हक्क आहे त्याच्या हक्काला बळकटी देते. ज्याचा हक्कच नाही त्याला ती मालक करीत नाही. कागदाचे नाव काहीही असो, त्यातील शब्दांवरून मिळकत देण्याचा हेतू स्पष्ट दिसला आणि तो कागद रीतसर नोंदलेला असला, तर न्यायालय त्याला हस्तांतरण मानू शकते. पण आपले घर न्यायालयाच्या अर्थ लावण्यावर का सोडावे? बाहेरच्या माणसाने घर घ्यावयाचे तर खरेदीखतच करून घ्यावे.

नोटरीचा शिक्का आणि नोंदणी

नोंदणी कायदा १९०८ सालचा. त्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क निर्माण करणारा, देणारा किंवा नष्ट करणारा दस्त नोंदविलाच पाहिजे. शंभर रुपयांत आज घराच्या दाराची कडीसुद्धा येत नाही. तेव्हा कोणतेही घर या नियमातून सुटत नाही. नोंद नसेल तर कलम ४९ प्रमाणे त्या कागदाने मिळकतीवर काही परिणाम होत नाही आणि व्यवहाराचा पुरावा म्हणूनही तो चालत नाही. अपवाद फार थोडे आहेत.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही करणारा माणूस समोर आला होता आणि त्याने सही केली, यापलीकडे नोटरी फारसे काही सांगत नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. ते कार्यालय परळीला आहे; फार लांब नाही. विकणारा तेथपर्यंत येण्यास टाळाटाळ करू लागला तर त्याचे कारण विचारावे.

मुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीचेही तसेच. २०११ साली सूरज लॅम्प या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की, मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून मालकी मिळत नाही. मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते.

घर कोणाचे, याचा हिशेब

आता विद्यार्थी मित्रांनी जरा कागद-पेन्सिल घ्यावी. आपल्या समाजातील बहुतेक घोटाळे या हिशेबात आहेत.

समजा, एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. आईबाप आधीच गेलेले. कर्ज, मेहेर, दफनाचा खर्च वगैरे फेडून एक घर राहिले. शरीयतप्रमाणे मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. उरलेले सात-अष्टमांश मुलामुलींत, मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे अठ्ठेचाळीस वाटे करा. पत्नीला सहा. दोन मुलांना प्रत्येकी चौदा, म्हणजे अठ्ठावीस. दोन मुलींना प्रत्येकी सात, म्हणजे चौदा. सहा, अठ्ठावीस आणि चौदा, बेरीज अठ्ठेचाळीस.

आता थोरल्या भावाने ते घर बारा लाखांना तुम्हाला हक्कसोडपत्राने दिले. त्याच्याकडे वाटे चौदा. तुम्ही दिले बारा लाख, आणि कागद नोंदलेला असला तरी तुम्हाला मिळाला साडेतीन लाखांचा माल. दोघा भावांनी मिळून दिले तर सात लाखांचा. उरलेले पाच लाखांचे घर त्यांच्या आईचे आणि दोन बहिणींचे आहे. त्यांनी सही केलेली नाही, त्यांना पैसे मिळालेले नाहीत. भावांनी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवले, एवढेच झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या वारसा कायद्यात माणूस मरताच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरून जातो. थोरला मुलगा घराचा कर्ता म्हणून इतरांच्या वतीने विकू शकेल, अशी तरतूद नाही. एक वारस दुसऱ्या वारसाचा हिस्सा विकू शकत नाही. 'मुली लग्न होऊन गेल्या, त्यांचा काय संबंध?' हे वाक्य बाजारात चालते, कोर्टात चालत नाही. शेतजमीन सोडून इतर मिळकतीत मुलींना वारसा न देण्याची रूढी १९३७ च्या शरीयत कायद्याने बाजूला सारली. हिंदू शेजाऱ्याकडून घर घेतले तरी हेच ध्यानात ठेवावे. २००५ च्या दुरुस्तीने तेथे मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने हक्क आहे, आणि २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे सांगितले.

बाहेरच्या माणसाने कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेतला तर त्याची अडचण आणखी वाढते. मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो. म्हणजे वर्षानुवर्षे कोर्टात घालवावीत आणि शेवटी घराऐवजी पैसे घेऊन परत यावे, असाही निकाल संभवतो.

अज्ञान मुलांचा हिस्सा

वारसांत एखादे मूल अठरा वर्षांखालचे असेल तर दुप्पट जपले पाहिजे. पुष्कळांना वाटते, आईने मुलाच्या वतीने अंगठा दिला की झाले. तसे होत नाही. १९१८ साली इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, मुस्लिम कायद्यात आई ही अज्ञान मुलाच्या मिळकतीची कायदेशीर पालक नव्हे, आणि तिने केलेली त्याच्या हिश्शाची विक्री मुलावर बंधनकारक नाही. चुलता, मोठा भाऊ यांचीही गत तीच. पालक म्हणजे बाप, त्याने नेमलेला व्यवस्थापक, आजा किंवा त्याने नेमलेला. हे नसतील तर न्यायालयाने नेमलेला पालक. आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे घर विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

तेव्हा वडील वारलेल्या कुटुंबाचे घर घेताना शाळेतल्या मुलांची वये विचारा. आज सातवीत असलेला मुलगा सज्ञान झाल्यावर आपला हिस्सा मागेल, आणि तो मागणे त्याचा अधिकार आहे. यतीमाचा माल खाण्याविषयी आपल्याला काय ताकीद आहे, हे या सभेत सांगावयास नको. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेल्या घरात नकळत तोच माल येऊ शकतो.

बाप हयात असताना केलेली हक्कसोड

दुसरा प्रकार असा. बाप हयात आहे. तो एका मुलाकडून लिहून घेतो की, 'मला रोख मिळाले, पुढे या घरात माझा हक्क नाही.' पुढे ते घर विकताना हा कागद दाखविला जातो. बाप जिवंत असताना मुलाला त्याच्या घरात हिस्साच नसतो. केवळ आशा असते. आशा विकता येत नाही, असे मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे.

या बाबतीत गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा निवाडा जाणून घेण्यासारखा आहे. बाप कर्जात बुडालेला होता. तीन मुलांनी कर्ज फेडून मिळकत वाचविली. उरलेल्या दोघांनी १९४२ साली रोख व जंगम माल घेऊन पुढील हक्क सोडल्याचे लिहून दिले. १९५२ साली बाप वारल्यावर त्यांनी हिस्सा मागितला. न्यायालय म्हणाले, भावी वारसाहक्क नुसता सोडून देण्याला कायद्यात किंमत नाही. परंतु ज्याने मोबदला घेतला आणि आपल्या वागण्याने दुसऱ्याला त्यावर विसंबू दिले, त्याला मागाहून उलटता येणार नाही. म्हणजे कागद टिकला तो मोबदला आणि वर्तन यांमुळे. ज्या मुलीला एक पैसाही न देता सही घेतली, तिच्याविरुद्ध असा कागद टिकेलच असे धरून चालू नये. दोन मुलांनी लिहून दिले ते १९४२ साली, अखेरचा निकाल लागला १९७२ साली. मध्ये तीस वर्षे गेली.

तोंडी हिबा आणि वक्फ

आपल्या समाजात आणखी दोन गोष्टी येतात, ज्या दुय्यम निबंधकाच्या वहीत दिसत नाहीत.

पहिली तोंडी हिबा. मुस्लिम कायद्यात दान तोंडीही होते. दात्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी झाल्या की पुरे. २०११ साली हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे दान साध्या कागदावर लिहून ठेवले असले तरी नोंदणीची सक्ती नाही असे ठरविले. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. विकणारा म्हणेल, 'अब्बांनी हे घर मला हिबा केले होते, बहिणींचा प्रश्न नाही.' ते खरे असू शकते. पण तिन्ही गोष्टी सिद्ध करता आल्या पाहिजेत. उलट, ज्याच्याकडून तुम्ही घर घेत आहात, त्याच्या बापाने ते आधीच दुसऱ्याला हिबा करून ताबा दिलेला असू शकतो. सरकारी वहीत त्याची खूण नसेल. म्हणून घरात कोण राहतो, किती वर्षांपासून राहतो, हे स्वतः जाऊन पाहावे आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. नवऱ्याच्या पश्चात रीतसर ताब्यात असलेल्या विधवेची मेहेर बाकी असेल, तर ती फिटेपर्यंत ताबा न सोडण्याचा तिचा हक्कही न्यायालयांनी मानलेला आहे.

दुसरी वक्फ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनामी जमिनी, ज्यांना आपण खिदमतमाश म्हणतो, गावोगाव आहेत. सेवा करणाऱ्याने पिढ्यान् पिढ्या ती जमीन खाल्ली तरी तो तिचा मालक होत नाही. १९९८ साली सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ बोर्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एकदा वक्फ झालेली मिळकत वक्फच राहते. तशा जमिनीवरची जागा कोणी हक्कसोडपत्राने देऊ केली, तर तो सोडतो आहे ते त्याचे नाहीच. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला आहे. त्याच्या यादीत गट नंबर आहे काय, हे पाहून घेणे चांगले. गायरानावरच्या घराचेही असेच. तेथे राहणारा माणूस फार तर आपला ताबा सोडील. मालकी त्याच्या हातात नसते. गायरानासारख्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निवाडा प्रसिद्ध आहे.

आठ नंबर म्हणजे मालकी नव्हे

गावठाणातल्या घराला बहुधा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ दाखविला जातो आणि 'नाव लागले आहे' असे सांगितले जाते. तो उतारा करआकारणीचा आहे. कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेच त्यावरून कळते. फेरफाराच्या नोंदीचेही तेच. २०१९ साली भीमाबाई कांबेकर विरुद्ध आर्थर इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट कंपनी या महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. जागेची हद्द आणि क्षेत्र ठरण्यास तिचा मोठा उपयोग आहे. आपल्या घराची पत्रिका अवश्य मिळवावी. पण वारलेल्या बापाच्या जागी एकाच भावाचे नाव पत्रिकेवर लागले, एवढ्याने बहिणींचा हिस्सा नाहीसा होत नाही.

मग करावे काय?

हे व्याख्यान स्मरणिकेत छापले जाणार आहे, म्हणून करावयाच्या गोष्टी क्रमाने सांगतो. हे पान कापून कपाटात ठेवले तरी चालेल.

१. विकणाऱ्याला प्रथम विचारावे : घर तुमच्याकडे कसे आले? विकत, वारसाने, हिब्याने, की वाटणीने? त्याचा कागद पाहावा. निदान तीस वर्षांची साखळी जुळली पाहिजे.

२. वारसाने आले असेल तर मयताचा मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची यादी घ्यावी. पत्नी, आई, बाप, मुलगे, मुली. वारलेल्या वारसांचे वारससुद्धा. यादीवरून हिश्शांची बेरीज करावी. ती पूर्ण एक झाली नाही तर कोणीतरी लपविलेले आहे.

३. सर्व सज्ञान वारसांनी मिळून एकच खरेदीखत करून द्यावे, हा सर्वांत सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर इतर वारसांनी एकाच्या लाभात हक्कसोडपत्र करावे, ते नोंदवावे, आणि मग त्या एकाकडून खरेदीखत घ्यावे. हक्कसोडपत्राची खरी जागा येथे आहे.

४. अज्ञान वारस असेल तर न्यायालयाची परवानगी पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

५. वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन तपासावी. बँक, पतसंस्था, सोसायटी यांचा बोजा आहे काय ते पाहावे.

६. वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन द्यावे आणि हरकतींसाठी पुरेशी मुदत ठेवावी. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेली की महिनोन् महिने गावी नसतात. त्यांच्या पाठीमागे घाईने व्यवहार उरकणाऱ्यापासून दूर राहावे.

७. पैसे बँकेतून द्यावे, आणि प्रत्येक वारसाचे त्याच्या त्याच्या खात्यात. बहिणीच्या हिश्शाचे पैसे भावाच्या हातात देऊन 'तुम्ही तिला द्या' असे म्हणू नये.

८. जे आधीच हक्कसोडपत्रावर घर घेऊन बसले आहेत त्यांनी घाबरू नये, पण बसूनही राहू नये. सह्या करणारी माणसे हयात आहेत आणि संबंध चांगले आहेत तोवर उरलेल्या वारसांकडून नोंदलेले दस्त करून घ्यावेत. आज एका वाढीव हिश्शाला जे द्यावे लागेल, त्यापेक्षा उद्याचा दावा महाग पडतो. आणि ताब्याला बारा वर्षे झाली म्हणजे आपण निर्धास्त झालो, असेही समजू नये. तो बचाव सिद्ध करणे कठीण असते.

मुलींना आणि मुलांना

आता दोन शब्द विद्यार्थिनींसाठी. भावाने कागद पुढे केला आणि 'येथे सही कर' म्हटले, तर आधी तो वाचा. खुशीने हिस्सा सोडावयाचा असेल तर तो तुमचा अधिकार आहे. त्यात प्रेम आहे, आणि कोणी त्याला नावे ठेवू नयेत. परंतु माहेर तुटेल या भीतीने, किंवा रेशनकार्डाचे काम आहे असे सांगून घेतलेली सही ही खुशीची सही नव्हे. फसवून वा दबावाने घेतलेला दस्त रद्द करून घेण्यासाठी, फसवणूक कळल्यापासून वा दबाव संपल्यापासून साधारणपणे तीन वर्षांत दावा करावा लागतो. तेव्हा गप्प बसून दिवस घालवू नका. आणि तुमच्या आईला वाचता येत नसेल तर तिच्या अंगठ्याखालचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखविणे हे तुमचे काम आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांना मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येतात. आपल्या भागातील निजामी काळातले पुष्कळ कागद, सनदा, विक्रीपत्रे उर्दूत आहेत. तालुक्याच्या गावी असे कागद वाचणारे आता फार थोडे उरले आहेत. घरच्या पेटीतले असे कागद काढा, वडिलांसमोर बसून वाचा, त्याचे मराठीत टिपण करून ठेवा. त्यात गट कोणता, हद्द कोणती, मालक कोण, इनाम कोणाच्या नावे, हे लिहिलेले असते. शाळेत शिकलेल्या अपूर्णांकांनी हिश्शांची बेरीज करा. सातवी-आठवीच्या गणिताला याहून कठीण काही लागत नाही.

व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण आपल्याला फार पूर्वीपासून आहे. आपण निकाहाला साक्षीदार आणि नोंद विसरत नाही. घराच्या बाबतीत मात्र शेजारच्याच्या शब्दावर आणि एका बाँडवर आयुष्याची कमाई ठेवतो. पुढच्या वर्षी याच मेळाव्यात कोणी पालक येऊन सांगतील की, 'घर घेण्यापूर्वी मुलीने सर्व वारसांची यादी मागितली, आणि तिच्यात दोन बहिणींची नावे निघाली. त्यांच्या सह्या झाल्या, त्यांना त्यांचे पैसे मिळाले, मग आम्ही घर घेतले,' तर या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.